जार, छोट्या बाटल्या की सोसायटीचा प्लांट: पैसा आणि पाणी नेमकं कुठे जातं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला 84 फ्लॅटची सोसायटी, दोन बोअर, उन्हाळ्यात टँकर. गेटवर रोज वीस लिटरचे साठेक जार उतरतात, 35 रुपयांना एक. गणपती, वाढदिवस, वार्षिक सभा असली की 200 मिलीच्या बाटल्यांची खोकी येतात. कमिटीत तीन मतं आहेत: जार चालू ठेवा, सोसायटीचा पाणी शुद्ध करायचा प्लांट टाका, किंवा ज्याने त्याने घरात आरओ बसवा. आणि तुम्ही विचारताय की बाटलीबंद पाण्याचा पैशाचा आणि पर्यावरणाचा खर्च खरंच मोठा आहे, की ही नुसती ओरड आहे.

खर्च मोठा आहे. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य येऊन गेलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: "बिल्डरने ताबा दिला तेव्हाचा एक वॉटर रिपोर्ट आहे, नंतर तपासणी झालेली नाही." म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्यात काय वाईट आहे हे माहीत नसताना सोसायटी दरवर्षी साडेसात लाखांच्या वर पाण्यावर घालवते आहे (साठ जार, 35 रुपये, 365 दिवस, मांडून बघा). जार येत राहतो, त्यामुळे टाकीकडे कोणी बघत नाही, आणि टाकीकडे कोणी बघत नाही म्हणून जार बंद करता येत नाही. मी लॅबमध्ये पाणी तपासण्यापासून सुरुवात केली आणि आता सोसायट्यांच्या नि छोट्या कारखान्यांच्या प्लांटची कामं बघते. पुण्याच्या कडेच्या भागात हे चक्र मला सगळीकडे दिसतं.

आधीच सांगते, पुढचं बरंच काही तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे. खडकवासला धरणाचं महापालिकेचं पाणी चोवीस तास नसलं तरी नियमित येत असतं, तर उत्तर चार ओळींत संपलं असतं. त्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, त्याला आरओची गरज नाही. टाक्या स्वच्छ ठेवा, क्लोरीन तपासा आणि प्या. तुमचं तसं नाही. वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली, नळाचं पुरेसं पाणी अजून यायचंय, आणि बोअरचं पाणी शंभर फुटांवर बदलू शकतं. म्हणून आकडे देताना मी अंदाज कुठे करतेय तेही सांगेन.

पैशापासून सुरुवात करू. दुकानातली लिटरची बाटली 20 रुपयांना धरली तर हजार लिटरला 20,000 रुपये. मुंबई महापालिका घरगुती ग्राहकाला हजार लिटर पाणी सहा-साडेसहा रुपयांत देते. तीन हजार पटींचा फरक. तुमचा जार लिटरला पावणेदोन रुपये पडतो, म्हणजे हजार लिटरला 1,750. टँकर दहा हजार लिटरचा हजार-पंधराशेला धरला (उन्हाळ्यात दर चढतो) तर लिटरला दहा ते पंधरा पैसे.

मग त्या वीस रुपयांत असतं काय? छोट्या कारखान्यात उभं राहिलं की लगेच कळतं. सगळ्यात महाग माल एका कोपऱ्यात पोत्यांत भरून ठेवलेला असतो: प्रीफॉर्म. बोटाएवढी जाड, पारदर्शक नळी, तोंडाला आटे पाडलेले. ती गरम करून साच्यात हवेने फुगवली की बाटली तयार. लिटरच्या बाटलीचा प्रीफॉर्म वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच रुपयांचं प्लास्टिक. त्यावर झाकण, लेबल, श्रिंकचं प्लास्टिक, टेम्पो, मग वितरक आणि दुकानदार. स्थानिक ब्रँडची बारा बाटल्यांची पेटी दुकानदाराला साधारण शंभर-सव्वाशेला मिळते, म्हणजे उरलेली अर्धी किंमत काउंटरवरची. खुद्द पाण्यावर, म्हणजे उपसा, गाळणी, मेंब्रेन (आरओतला बारीक पडदा), ओझोन या सगळ्यावर काही पैसे खर्च होतात. रुपये नव्हे, पैसे. सप्टेंबर 2025 मध्ये बाटलीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, 20 लिटरच्या जारवरचा 12 वरून 5 वर. रेल्वेच्या रेल नीरची लिटरची बाटली 15 वरून 14 रुपयांना झाली. कर एवढा उतरूनही तिच्या ग्राहकाचा एकच रुपया वाचला. आपण पैसे देतो ते मुख्यतः वेष्टनाचे, वाहतुकीचे आणि विक्रीचे.

आता प्लास्टिक. इथे तुमच्या कमिटीतले दोन्ही गट थोडे चुकताहेत. जार आणि बाटली एकाच पारड्यात टाकू नका. वीस लिटरचा पॉलिकार्बोनेट जार पाऊण किलोच्या आसपास असतो, पण तो परत जातो, धुतला जातो, पुन्हा भरला जातो. चाळीस फेऱ्या जरी झाल्या तरी आठशे लिटर पाणी वाहिलं, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅमहून कमी प्लास्टिक. लिटरच्या बाटलीत हेच वीसेक ग्रॅम. आणि 200 मिलीच्या बाटलीत? ती आठ-नऊ ग्रॅमची असते, पण लिटर व्हायला पाच लागतात: चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. एकूण व्यवहारात सगळ्यात वाया जाणारी वस्तू कोणती, तर लग्नात ताटाशेजारी ठेवतात ती इवलीशी बाटली.

पाचशे पाहुण्यांचं कार्य धरा. माणशी तीन बाटल्या, म्हणजे पंधराशे. पाणी तीनशे लिटर, प्लास्टिक बारा-तेरा किलो, खर्च घाऊक पाच रुपयांनी साडेसात हजार. तेच तीनशे लिटर पंधरा जारमध्ये मावतं आणि सव्वापाचशे रुपयांत होतं. स्टीलचे पेले धुणाऱ्या बाईला मानाने मजुरी दिली तरी हिशोब जवळपास जात नाही. शिवाय पंगत उठल्यावर मंगल कार्यालयाच्या मागे जाऊन बघा. बाटल्या निम्म्याअधिक भरलेल्याच असतात, कारण मुलं एक उघडतात, दोन घोट घेतात, खेळून आल्यावर दुसरी उघडतात. भरलेली बाटली भंगारवाला घेत नाही, ती रिकामी करत बसायला कार्यालयाच्या माणसांना वेळ नसतो, मग सगळं ओल्या कचऱ्यासोबत काळ्या पिशवीत जातं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पेटची (पाण्याच्या पारदर्शक प्लास्टिकची) बाटली हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त गोळा होणारा प्लास्टिक कचरा आहे. तिला भाव आहे, म्हणून कचरावेचक ती उचलतात. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारात घेतात तेव्हा ती वेगळीच काढतात. चिप्सचं पाकीट रस्त्यावर पडून राहतं, बाटली राहत नाही. तेव्हा "प्रत्येक बाटली समुद्रात जाते" वगैरे सभेत बोलू नका, कोणीतरी बरोबर खोडून काढेल. पण गोळा झालेल्या बाटलीची पुन्हा बाटली होते असंही क्वचितच. बहुतेकींचे तुकडे होतात, त्याचा पॉलिएस्टर धागा होतो, तो उशीत, गादीत, टी-शर्टात जातो आणि तिथून पुढे परतीची वाट नाही. नव्या बाटलीच्या प्रीफॉर्मला मुख्यतः नवंच प्लास्टिक लागतं. आणि किलोच्या भावाने विकणाऱ्या माणसाला लिटरच्या पन्नास बाटल्यांत जो किलो भरतो, त्यासाठी छोट्या सव्वाशे वाकून उचलाव्या लागतात. महाराष्ट्राच्या 2018च्या प्लास्टिक अधिसूचनेत पेट बाटल्या परत विकत घेण्याची तरतूद होती. माझ्या ओळखीच्या एकाही दुकानदाराने रिकामी बाटली घेऊन कोणाला रुपया दिलेला नाही.

ऊर्जेचा एक आकडा मी नेहमी सांगते. अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटने 2009 मध्ये बाटलीबंद पाण्याला लागणारी ऊर्जा मोजली, आणि ती नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटींपर्यंत निघाली. त्यांचे ट्रकचे अंतर आपल्यापेक्षा लांब, त्यामुळे तो पट इथे जसाच्या तसा लावू नका. पण ऊर्जा कुठे जाते ते तिथेही तेच: आधी प्लास्टिक बनवणं, मग वाहतूक. पाणी शुद्ध करणं त्या मानाने किरकोळ.

सूक्ष्म प्लास्टिकबद्दल विचारलंत म्हणून थोडंसं. जानेवारी 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ब्रँडच्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजार कण मोजले, बहुतेक नॅनो आकाराचे. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो यावर अजून काम चालू आहे. मी याच्या आधारे कोणाला घाबरवत नाही. बाटली "शुद्धतेसाठी" घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की वेष्टनाचाही अंश पाण्यात येतो, आणि उन्हात तापलेल्या टेम्पोत तो जास्त येतो.

जारचं प्लास्टिक कमी, मग जार चांगला? थांबा. जारची अडचण धुण्यात आणि झाकणानंतर आहे. जार प्लांटमध्ये पाणी सहसा ठीक असतं: बोअर, वाळूची गाळणी, कार्बन, मेंब्रेन, यूव्ही (अतिनील किरण) किंवा ओझोन. पण परत आलेल्या जारमध्ये मधल्या काळात काय काय भरलं होतं हे कोणालाच माहीत नसतं. मी जारात फिनेल ठेवलेलं पाहिलंय, मनी प्लांट तर सर्रास. नीट धुवायचा तर कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने आतून फवारणी आणि नंतर शुद्ध पाण्याने दोनदा खळखळ. घाईच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यात, हे कुठे कुठे नुसत्या नळीच्या पाण्यावर भागतं.

दुसरं, ओझोन थोड्या वेळात उडून जातो. त्यामुळे जारच्या पाण्यात नंतरचं काहीच संरक्षण उरत नाही. महापालिकेच्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन राहायला हवा असं मानक सांगतं, ते याचसाठी. जार डिस्पेन्सरवर उलटा केला की प्रत्येक ग्लासागणिक बुडबुडा होऊन खोलीतली हवा आत जाते, खालचं भांडं महिनोन्‌महिने धुतलेलं नसतं, आणि तीन दिवसांनी त्या तोटीचा नमुना घेतला तर प्लांट कितीही चांगला असो, रिपोर्ट खराब येऊ शकतो.

हे सीलबंद जारचं झालं. निळ्या-नारिंगी थर्मासच्या कॅनमधून येतं ते 'थंड पाणी' याहून वेगळं. त्याला सील नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. तुमच्या गेटवरच्या साठ जारांत असे किती आहेत ते उद्याच वॉचमनला मोजायला सांगा. सीलबंद जारवर आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वर आयएस 14543 (पॅकबंद पाण्याचं मानक) आणि खाली परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघता येतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांकही असायला हवा. 2024 च्या अखेरीस या प्राधिकरणाने पॅकबंद पाणी अति जोखमीच्या अन्नगटात टाकलं, ते काही हौस म्हणून नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा विहिरीच्या पाण्यासोबत खासगी आरओ केंद्रांचेही नमुने तपासले गेले, काही दूषित निघाले आणि महापालिकेने केंद्रं सील केली. लोक तिथे 'फिल्टरचं पाणी' म्हणून विश्वासाने कॅन भरून नेत होते.

आणि पाणी म्हणून जे पाणी खर्च होतं ते? जार प्लांटही तुमच्यासारखाच बोअरवर चालतो. मेंब्रेन सगळं पाणी पलीकडे जाऊ देत नाही. क्षार साठलेलं पाणी रिजेक्ट म्हणून बाहेर पडतं. छोट्या प्लांटमध्ये निम्मं-निम्मं धरा, त्यात जार धुण्याचं मिळवा. वीस लिटर तुमच्या दारात यायला जमिनीतून चाळीस-पन्नास लिटर उपसलेले असतात, आणि ते त्याच तालुक्यातून, जिथे मार्चनंतर तुमचे स्वतःचे बोअर खाली जातात. म्हणजे बोअर आटला म्हणून टँकर, आणि शेजारच्या बोअरचं पाणी जारमधून. या उपशाचा पैसा जारच्या किमतीत कुठेच धरलेला नसतो.

म्हणून माझा सल्ला प्लांटच्या कोटेशनपासून सुरू होत नाही, नमुन्यापासून होतो. दोन्ही बोअरचे वेगळे, जमिनीखालच्या टाकीचा एक, आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाचा एक. टँकर सुरू असतील त्या आठवड्यात टँकरचाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणता, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, गढूळपणा, आणि जिवाणूंसाठी कोलिफॉर्म व ई. कोलाय एवढं सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या मान्यताप्राप्त खासगी लॅबमध्ये होईल. जिवाणूंची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक घ्या. घरची धुतलेली पाण्याची बाटली नेलीत तर रिपोर्ट पाण्याचा येत नाही, बाटलीचा येतो.

रिपोर्ट वाचायचा कसा? टीडीएस 500 च्या आत, कठीणता 200 च्या आसपास आणि नायट्रेट 45 च्या खाली असेल (सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅम) तर आरओ नको. गाळणी, यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) किंवा यूव्ही, आणि टाकीत बेताचा क्लोरीन पुरे. पॅकबंद पाण्याच्या मानकातही टीडीएसची कमाल मर्यादा 500 च आहे, ती काही वेगळी अमृताची नाही. टीडीएस हजाराकडे, कठीणता चारशे-पाचशे असेल (वाघोलीकडे असं निघालं तर मला नवल वाटणार नाही) तर पिण्यापुरता आरओ समर्थनीय आहे. नायट्रेट 45 च्या वर निघालं तर चर्चा थांबवा. त्याला मानकात सवलत नाही, उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला ते थेट अपायकारक आहे. तिथे आरओ लागेलच, आणि बोअरजवळ सेप्टिक टँक किंवा फुटकं ड्रेनेज आहे का तेही शोधावं लागेल.

इथे एक सावधगिरी. तुम्ही तपासणीचं बोलायला लागलात की विक्रेते येतील आणि खिशातून दोन यंत्रं काढतील. एक टीडीएस मीटर. ते उपयोगी आहे, पाचशे रुपयांत मिळतं, टँकरवाल्याने विहीर बदलली की आकडा उडी मारतो म्हणून वॉचमनकडे एक असूच द्या. पण ते जिवाणूंबद्दल एक शब्द बोलत नाही. गटार मिसळलेलं पाणीही 150 दाखवू शकतं. दुसरं यंत्र म्हणजे दोन धातूंच्या कांड्यांचा इलेक्ट्रोलायझर. ते नळाच्या पाण्यात बुडवून सुरू केलं की मिनिटभरात पाणी तपकिरी-काळं होऊन गाळ तरंगायला लागतो, आणि आरओच्या पाण्यात काही होत नाही. सगळ्या सभासदांच्या अंगावर काटा येतो. तो रंग कांडीतल्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही. चिमूटभर मीठ त्या 'शुद्ध' ग्लासात टाकून पुन्हा चालवायला सांगा. बहुतेक जण त्याआधीच यंत्र बॅगेत घालतात.

आरओ लागणारच असं धरून सोसायटीच्या प्लांटचा ढोबळ हिशोब मांडते. रोज बाराशे लिटर, म्हणजे ताशी 500 लिटरचा प्लांट अडीच तास. उभारणी साडेतीन लाख, सात वर्षांत विभागली तर वर्षाला पन्नास हजार. कार्ट्रिज, मेंब्रेन, केमिकल, दुरुस्ती साठ हजार. अर्धवेळ माणूस महिना आठ हजार, म्हणजे वर्षाला 96 हजार. वीज पंचवीस हजारांच्या आसपास, तपासणी वीस हजार. झाले अडीच लाख. रिजेक्ट पाणी पूर्ण वाया गेलं आणि ते टँकरच्या भावाने मोजलं तर आणखी पासष्ट हजार. लिटरला साठ-सत्तर पैसे पडतात, जारचं लिटर पावणेदोन रुपयांना. वर्षाला साडेचार लाखांचा फरक आहे, मी दोन-तीन बाबी कमी धरल्या असतील तरी तो पूर्ण बुजत नाही.

पण हा हिशोब त्या आठ हजारांच्या माणसावर उभा आहे. मी बंद पडलेले प्लांट पाहिलेत ते मशीन खराब म्हणून नाही, तर वार्षिक करार संपला, कमिटी बदलली, मेंब्रेनवर क्षार चढले आणि कोणी बायपास व्हॉल्व्ह उघडून ठेवला म्हणून. सहा महिने लोक बोअरचं पाणी आरओ समजून पीत होते. नोंदवही, महिन्याला जिवाणूंची तपासणी आणि नाव घेऊन सांगता येईल असा एक जबाबदार माणूस, हे जमणार नसेल तर चांगला परवानाधारक जारवाला परवडला. हे मी मनापासून म्हणतेय.

घरोघरी आरओचा पर्याय मला तिघांत सगळ्यात कमी आवडतो. घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर सिंकमध्ये सोडतं, 84 मेंब्रेनची 84 वेळापत्रकं होतात, आणि टँकरचं विकत घेतलेलं पाणी गटारात जातं. सामायिक प्लांटचं रिजेक्ट एका जागी निघतं, त्यामुळे ते वेगळ्या टाकीत घेऊन फ्लशला आणि पार्किंग धुवायला वापरता येतं. बागेला सरळ देऊ नका, क्षाराने माती खराब होते.

200 मिलीच्या बाटल्या मात्र रिपोर्टची वाट न बघता पुढच्याच कार्यक्रमापासून बंद करता येतील. सोसायटीचे दोनशे स्टीलचे पेले आणि तोटीची दोन पिंपं घ्या, क्लबहाऊसच्या भाड्यातच ते द्या. सिक्कीमने 1 जानेवारी 2022 पासून राज्यभर बाटलीबंद पाण्यावर बंदी आणली. त्याआधी 2012 मध्ये लाचेन या एका गावाने स्वतःहून ती केली होती. तुम्हाला बंदी घालायची नाहीये, फक्त खोकी मागवणं थांबवायचंय.

तेव्हा आधी नमुने पाठवा. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, नायट्रेट आणि कठीणता खास करून, आणि बोअरची खोलीही लिहा. त्यावरून आरओ लागतो की नाही, आणि लागलाच तर किती पाणी मेंब्रेनमधून न्यायचं नि किती नुसतं गाळून त्यात मिसळायचं, ते सांगता येईल.